जाडाभरडा पोत

सरांनी रुमाल डोळ्यांवर बांधला, पण मुद्दाम सैल. नाकाशेजारच्या फटीतून खालचं टेबल दिसेल इतपत.

चित्रकलेच्या वर्गातला पोताचा प्रकल्प ते अठरा वर्षं असाच तपासत आले होते. मुलांनी पुठ्ठ्यावर रंगाच्या जोडीला हाती लागेल ते चिकटवायचं, आणि सरांनी डोळे बांधून नुसत्या बोटांनी ते चित्र ओळखायचं. रेशीम कुठलं आणि साटीन कुठलं, हे ते एका बोटात सांगत. यंदा मात्र शुगरमुळे त्यांच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. डॉक्टर आणि बायको सोडून कुणाला पत्ता नव्हता. गेल्या महिन्यात वर्गात टाचणी बोटात रुतली, तेव्हा पुठ्ठ्यावरचे लाल थेंब बघून मॉनिटर मुलगीच किंचाळली होती. "रंग आहे गं," असं म्हणून सरांनी वेळ मारून नेली होती.

"आज पकडला गेलो, तर उद्या राजीनामा देणार," असं ते सकाळीच बायकोला सांगून आले होते. "ज्याच्या हाताला काही कळत नाही, त्याने पोत शिकवायचा कसला?"

टेबलावर पुठ्ठे रांगेने मांडले होते. पहिल्यावर जाडजूड दोर. "काथ्याचा दोर! नदी केलीय!" टाळ्या पडल्या. दुसऱ्यावर अक्रोडाची टरफलं, तिसऱ्यावर बाटल्यांची झाकणं, मग कोटाची बटणं, खडे, शिंपले. दोनतीन तर त्यांना फटीतून न बघताही ओळखता आले. सरांना जरा हुरूप आला, आणि रागही. नाजूकपणा म्हणून नाही या पोरांच्या अंगात! गेल्या वर्षीच्या मुलांनी कांद्याचे पापुद्रे आणले होते, पिसं आणली होती. ही चित्र करतात की भिंत बांधतात? बारीक काम करा म्हणून घसा कोरडा झाला. मुलं मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खडेच घेऊन यायची.

शेवटच्या पुठ्ठ्यावर झाडाचं खोड होतं. भेगाळलेलं, पोपडे सुटलेलं. हे खरं काम, सरांना वाटलं. त्यांनी त्यावरून सावकाश हात फिरवला.

"वा! अस्सल साल! काय खरखरीत आहे, बोटांना टोचतेय अगदी!"

टाळी पडली नाही.

"सर," एक घाबरा आवाज आला. चार दिवसांपूर्वी वर्गात आलेली नवी मुलगी. "ती साल नाहीये. कॅलेंडरमधला फोटो कापून लावलाय. मला पोत म्हणजे काय ते कळलंच नव्हतं."

सरांचा हात त्या गुळगुळीत कागदावर तसाच राहिला. अठरा वर्षांची अब्रू एका कॅलेंडरने धुळीला मिळवली होती. आता पोरं हसणार, घरी जाऊन सांगणार, संध्याकाळपर्यंत शाळाभर बोभाटा होणार. रुमाल सोडून मुलांच्या तोंडाकडे बघायचा त्यांना धीर होईना. त्यांना फार वाईट वाटलं. मनातल्या मनात ते राजीनाम्याचं पहिलं वाक्य जुळवायला लागले.

हसलं मात्र कुणीच नाही. एक बाक करकरला. मॉनिटर उठून नव्या मुलीपाशी गेली असावी. सरांना ऐकू जाऊ नये म्हणून ती कुजबुजत होती, पण कुजबुजणं काही तिला जमत नव्हतं.

"अगं, तुला कुणी सांगितलं नाही का? सरांच्या बोटांना बारीक कळत नाही आता. त्यांच्यासाठी सगळं जाड जाड चिकटवायचं ठरलंय आपलं."