शेवटचं प्यादं

वृंदाचे वडील, अप्पा, जाऊन वर्ष झालं होतं, तरी त्यांच्या खात्यावरून बुद्धिबळाचे डाव चालूच होते. त्यांच्या हजारो डावांवर शिकलेलं यंत्र हुबेहूब त्यांच्यासारखं खेळायचं. ते यंत्र सांभाळणाऱ्या केतकीने आज वर्षाचा अहवाल सांगायला फोन केला.

"ताई, आक्रमण झकास, घोडे तर नुसते नाचतात. पण एक खोड आहे. समोरच्याचं शेवटचं प्यादं अप्पा मारतच नाहीत. मग त्याचा वजीर होतो. असे जिंकलेले एक्केचाळीस डाव घालवलेत! काढून टाकू ती खोड?"

वृंदाला हसू आलं. "अगं, ते सांगलीला जुन्या नियमांनी शिकले. समोरच्याचा राजा एकटा पडला की बुर्जी, म्हणजे डाव बरोबरीत. म्हणून ते शेवटचं प्यादं जपायचे."

"मग काढू ना?"

"थांब जरा."

वृंदाने फोन चालू ठेवूनच अप्पांच्या यंत्राशी डाव मांडला आणि मुद्दाम एकेक मोहरा देत गेली. शेवटी तिचा राजा आणि एक प्यादं उरलं. अप्पांचा हत्ती प्याद्यासमोर आला, क्षणभर घुटमळला आणि बाजूने निघून गेला.

"राहू दे गं," वृंदा म्हणाली. "ती काढलीस तर मी खेळू कुणाशी?"