लांब ओळ

लेकीच्या लग्नाची पत्रिका दिराने छापायला टाकली, तशी भिकुबाई एकटीच धुळ्याच्या डीटीपीच्या दुकानात येऊन बसली. तिला वाचता येत नव्हतं. पण नवरा गेल्यापासून दिराने पुढे केलेल्या कुठल्याच कागदावर तिचा भरवसा नव्हता.

दुकानदार जीवरामने पत्रिकेच्या कच्च्या प्रतीवर तिचं आणि जावेचं नाव बोटाने दाखवलं. तिने पदराचा सुटलेला दोरा तोडून दोन्ही ओळींवर धरून पाहिला.

"मन्ही ओळ लांब शे. काय घुसाडं तेनी यामा?"

जीवरामने नव्या कॉम्प्युटरवर कॅल्क्युलेटर उघडला आणि पॉइंटचे मिलिमीटर करून दाखवले. "अक्का, दोन्ही नावं चौदा पॉइंटची. उंची सारखीच, पाच मिलिमीटरच्या आसपास."

"उंची नही. लांबीनं सांग."

जीवराम पडद्याकडेच बघत राहिला. "जावेच्या नावाआधी नुसतं 'सौ.' आहे, अक्का. तुमच्या नावाआधी 'गं. भा.' लावलंय. म्हणून ओळ वाढली."

भिकुबाईने दोरा बोटाला घट्ट गुंडाळला.



"मरनात ते मन्हा मालक. मग अक्षरं मन्हा नावले कसाले वाढनात?"