दुसरी सही

सिरिंजमध्ये इन्सुलिन भरून धाकटी सिस्टर कधीची उभी होती, आणि वॉर्डात एकीलाही मान वर करायला फुरसत नव्हती.

"जरा बघता का कुणी? सही हवी होती."

इन्सुलिन एकटीने द्यायचं नाही, असा नियम. दुसऱ्या नर्सने डोस बघायचा, सही करायची, मगच सुई टोचायची. एरवी ही सही चालता चालता होते. आज एक जण पट्टी बांधत होती, एक सलाइन लावत होती, आणि तिसरी तर चक्क चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घालत होती!

कारण उघड होतं. मोठ्या सिस्टरांची नोंदणी नर्सिंग कौन्सिलने सहा महिन्यांसाठी रोखली होती, आणि छळाची तक्रार धाकटीची होती. पेशंटसमोर 'मठ्ठ' म्हणणं, अंगावर ट्रे भिरकावणं, ताप असताना सलग रात्रपाळ्या लावणं, सगळं सिद्ध झालं होतं. न्याय मिळाला म्हणे. तो काय चाटायचा होता?

"आम्ही काही बोलायचं आणि तू तक्रार ठोकायचीस," चादरवाली म्हणाली. "त्यापेक्षा आपण लांबच बरं, बाई."

खाटेवरच्या आजोबांनी ताटावरचं झाकण उचलून पाहिलं. "पोरी, जेवू का गं मी?"

"थांबा हं आजोबा, आधी इंजेक्शन." तिने झाकण पुन्हा ताटावर ठेवलं. सहीशिवाय टोचलं, तर उद्या कौन्सिलपुढे ती स्वतःच उभी. नाही टोचलं, तर म्हातारा उपाशी.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. साध्या कपड्यांत, आपलं कपाट रिकामं करून निघालेल्या, खांद्याला पिशवी. त्या तडक खाटेशी आल्या. धाकटीच्या हातातली सिरिंज घेऊन उजेडात धरली, आजोबांचा केसपेपर पाहिला.

"डोस बरोबर आहे. पण माझी सही आता चालत नाही. तुझ्याच कृपेने."

मग त्या वळल्या आणि ओरडल्या, "काय गं भवान्यांनो! म्हाताऱ्याला उपाशी मारताय? सही करा आधी!"

तिघी धावत आल्या. तिघींनी खिशातून पेन काढले.

"थँक्यू, सिस्टर," धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

"आत्ता ओरडले, तेही कळव हो तुझ्या कौन्सिलला," असं म्हणून त्या चालत्या झाल्या.

तिघी खो खो हसल्या. चादरवालीने तर हसता हसता धाकटीच्या पाठीवर थाप मारली. कितीतरी दिवसांनी वॉर्डात कुणी तिला आपल्यात घेतलं होतं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तीही हसली.