उकडलेलं अंडं

आतड्यातली गाठ काढण्याआधी वजन वाढवा, आणखी उतरलं तर शस्त्रक्रिया करता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ईस्टरआधीच्या शुक्रवारी माझ्या अंगणात धर्मशिक्षणाचा वर्ग चालू असताना लवीना भोवळ येऊन पडली. “सकाळपासून काय खाल्लस गो?” उत्तर जेरीने दिलं, “कोणीच काय खाल्ला नाय, टीचर. तुमी उपास करून इतक्या सुकलात, मगे आमी खातलव कशे?” आजाराचं मी मुलांना सांगितलंच नव्हतं; डॉक्टरांना न जुमानता धरलेला ईस्टरपर्यंतचा उपास मात्र खरा होता. सुनेने माझ्यासाठी उकडून ठेवलेली अंडी आणि पेजेचं पातेलं मी बाहेर आणलं. “उपास संपलो. माका खाताना बघा,” म्हणत अर्धं अंडं तोंडात घातलं. मुलं टाळ्या वाजवून पेजेवर तुटून पडली. लवीना मात्र माझ्या तोंडाकडे बघत खात होती. पेज संपताच मी हातानेच वर्ग सुटल्याची खूण केली आणि मुलं फाटकाबाहेर गेल्यावर गालात धरलेला तो घास मी माडाच्या आळ्यात थुंकला.