पलटणीचा चाकू

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि दुष्काळी कामावर गावाला नवा रस्ता होत होता. खोदताना मल्लम्माच्या बांधात एक गंजका घडीचा चाकू निघाला. पलटणीतले जुने चाकू जमवायचा गुरुलिंग मास्तरांना नाद, म्हणून मजुरांनी तो त्यांना नेऊन दिला. मास्तरांनी रात्रभर रॉकेलात भिजवून घासला, तेव्हा पात्यावर बाणाचा शिक्का आणि १९४३ साल दिसलं. सकाळी ते तणतणतच कामावर आले.

"लढाईतला चाकू हाय हा! असला ऐवज मातीत कुजवणाऱ्याला जोड्यानं हाणलं पायजे!"

"हाणा की मग!" डोक्यावरची पाटी आदळत म्हातारी मल्लम्मा कडाडली. "म्याच पुरला. बांध उकरू नका म्हणून बोंबलत होते, तवा कुणी ऐकलं?"

"पण पुरला कशापायी, अव्वा?"

"नवरा लढाईवर गेला, तो परत आलाच न्हाई. पलटणीनं त्याचा एवढा चाकू धाडला." तिनं मास्तरांच्या हातातून तो हिसकावून घेतला. "आपण लिंगायत ना, मास्तर? मेल्या माणसाला जाळत न्हाई, माती देतो. माती द्यायला माझ्यापाशी दुसरं काय आलं होतं?"