गुलाबाची कुंडी

सशाचं पोट बंद पडलं होतं. "लेंड्या दिसल्या की तो वाचला समजा. तोवर सिरिंजनं भरवत राहा," जनावरांचे डॉक्टर म्हणाले होते. शिंप्याची लेक सशाला मांडीवर घेऊन भरवत होती, पोट चोळत होती. पण पिंजऱ्यातला ट्रे कोराच, आणि तिच्याही घशाखाली घास उतरेना. बापाला बघवेना. सकाळी ती आंघोळीला गेल्यावर त्यानं गुलाबाच्या कुंडीत खत म्हणून टाकलेल्या जुन्या लेंड्या वेचल्या, ओल्या करून ट्रेमध्ये पसरल्या. लेक हसली, पोटभर जेवली. बापाचा जीव भांड्यात पडला. तो दुकानात गेला. संध्याकाळी परतला तर सिरिंज धुऊन फळीवर ठेवलेली. "भरवलं नाहीस?" "आता कशाला? पोट सुरू झालं ना. निवांत झोपलाय." त्यानं सशाच्या पोटाला हात लावला. ते कात्रीसारखं गार होतं. "त्या लेंड्या मी गुलाबाला घातल्या, बाबा."