झोक्याखालचं गवत

दोन झोके कापून झाले आणि तिसऱ्यापाशी वेल्डर थबकला. याच्याखालची माती उघडी होती, पायांनी घासून गुळगुळीत झालेली.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी सकाळीच बजावलं होतं: खाली गवत उगवलं असेल तो झोका तोड, तिथे बाक बसव, माती उघडी असेल तर कुणीतरी खेळतंय, तो राहू दे. हिशेब सरळ होता. एके काळी या बागेत पोरं मावत नव्हती. ती शिकली, देशोदेशी पांगली आणि मागे उरले आईबाप. आता सोसायटीत दुखणारे गुडघे उदंड, खेळताना फुटणारा एकही नाही. बाकांवरून भांडणं होत. झोक्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

"त्याला हात लावू नकोस हं," मागून आवाज आला. तळमजल्यावरच्या काकू लगबगीने येत होत्या. आल्या त्या सरळ झोक्यावरच बसल्या.

"कोण खेळतं यावर, काकू?"

"मुलं."

वेल्डरने बागेभर नजर फिरवली. चार आजोबा आणि त्यांच्यात मिळून एक पेपर. "कुणाची मुलं?"

काकूंनी पाय झोक्याखाली ओढून घेतले. त्याचं लक्ष त्यांच्या चपलांकडे गेलं. टाचा झिजून कागद झाल्या होत्या आणि मातीने माखल्या होत्या.

"माझी नातवंडं," काकू हळूच म्हणाल्या. "येणार आहेत सुट्टीत. गेल्या सुट्टीत जमलं नाही. त्याच्या आधीच्याही नाही." मग एकदम चिडून, "बाकांची नोटीस लागल्यापासून रोज पहाटे येऊन पाय घासते रे. मध्ये जरा ताप आला, पडून राहिले, तर लगेच कोंब! मेल्या गवताला दम म्हणून नाही."

वेल्डरने ग्राइंडर खाली ठेवला. त्याच्या गल्लीत झोका टांगायला जागा नव्हती. एका जुन्या टायरमागे सगळी पोरं धावत, पाळीवरून डोकी फोडत.

"काकू, तुमची येईपर्यंत आमची आणू का?" तो चाचरत म्हणाला. "गवताचं नाव राहणार नाही."

"दंगा करतात?"

खोटं बोलावं का, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. "फार करतात. कान किटतील."

काकू झोक्यावरून उठल्या. फळीवरची धूळ त्यांनी हाताने पुसली, पुन्हा पुसली.

"मग आजच आण," त्या म्हणाल्या.